चुकलेला गंधार

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की जीभ भलतीकडेच वळते — आताही बघा, मी आधी त्या वाद्याबद्दलच बोलणार.

पिंपरीला कारखाना नवा होता आणि पॅकिंग खात्यात मीही नवा. कामगारांसाठी क्लब निघाला, तिथे खडकीच्या लष्करी बँडमधून निवृत्त झालेले डिसोझामास्तर शिकवायला आले. त्यांच्याबरोबर आला डबल बास — माणसाहून उंच, उभा धरून बोटांनी छेडायचा, चार जाड तारांचा. गावाकडे भजनात पेटी वाजवायचो, एवढ्या भांडवलावर तो माझ्या गळ्यात पडला.

मास्तरांनी शिकवले ते आर्पेजिओ. म्हणजे सा, ग, प, वरचा सा — पेटीसारखे एकदम दाबायचे नाहीत, एकामागून एक सोडायचे. आम्ही त्याला जिना म्हणायचो. तीन महिने मी तो एकच जिना चढलो, उतरलो. बोटांना फोड आले, मग घट्टे पडले, मग बोटं आपोआप जागेवर जायला लागली — आणि मला वाटलं, आला आपल्याला बास!

क्लॅरिनेट वाजवायचा सोपान. पुनावळ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, लग्नाच्या बँडमध्ये शिकलेला, कारखान्यात बदली कामगार. लिहिलेलं संगीत त्याला वाचता येत नव्हतं, पण कान असा की मास्तर त्याला विचारून तारा जुळवायचे. साहेबांनी शब्द दिला होता — वर्धापनदिनाला चांगलं वाजवलंस तर कायम करू. त्याचं लग्नही त्यावरच अडलं होतं.

नेमके त्या दिवशी मास्तर तापाने आजारी. मला निरोप आला: सोपानच्या धुनेत गंधार कोमल आहे, तेवढं पहिलं बोट अर्धा सूर मागे घे. मी मान डोलावली. एकदा तरी वाजवून पाहायचं की नाही? नाही पाहिलं. जिना येत होता ना मला!

सोपानने सुरुवात सुरेख केली. मग खालून माझा जिना निघाला — तोच, रोजचा, शुद्ध गंधाराचा. दाताखाली खडा यावा तसं झालं. पण बासकडे कोण कान देतं? लोकांना ऐकू येते ती धून. पुढच्या रांगेतले साहेब सोपानकडे बघायला लागले. आणि सोपान — इथे मला अजूनही घाम फुटतो — तो आपला बरोबर सूर सोडून माझ्या सुराशी जुळवून घ्यायला लागला. चढवला, उतरवला, शेवटी चाचपडत राहिला.

मला कळत होतं का? कळत होतं. बोट कुठे आहे ते दिसत होतं. पण मध्येच मागे घेतलं असतं, तर आधी कोण चुकत होतं ते उघडं पडलं असतं. मी तसाच वाजवत राहिलो — शेवटपर्यंत.

साहेब म्हणाले, क्लॅरिनेटवाला बेसूर आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पुढच्याला काय म्हणायचं? संध्याकाळी सोपान फाटकाशी सायकल धरून उभा होता.

"दत्ताभाऊ, तुमचा कान तयार हाय. खरं सांगा — माझा सूर गेलता का?"

"हो. गंधार चढत होता तुझा."

त्याने सायकल वळवली. "बरं झालं तुमी सांगितलं. बाकीचे नुसतं गोड बोलत्यात."

तो कायम झाला नाही. पण त्याहून वाईट म्हणजे त्याने वाजवणंच सोडलं, लग्नाच्या बँडमध्येसुद्धा. बरे झाल्यावर मास्तर पुनावळ्याला जाऊन आले. म्हणाले, तो म्हणतो, माझा कान गेला. मग मला विचारलं, "तू कोमल घेतला होतास ना?"

"घेतला होता, मास्तर."

त्यांनी विश्वास ठेवला. पुढे कितीतरी वर्षं मी त्या क्लबात बास वाजवला, टाळ्या घेतल्या. सोपान गेला तेव्हा त्याच्या घरी भेटायला गेलो. त्याची बायको — लग्न पुढे बऱ्याच उशिरा झालं होतं — म्हणाली, "लई नाद व्हता म्हणं वाजवायचा, पर सूरच लागंना झाला." शेजारी त्याचा मुलगा बसला होता. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, खरंच का हो काका?

मी हो म्हणालो.