अमृतामॅडमनी परत पाठवलेले पैसे

औरंगपुऱ्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्यावरच्या मजल्यावर अमृता साळवे बसतात, कंपनी सेक्रेटरी. नव्या कंपनीत कुणी पैसे घातले आणि बदल्यात किती शेअर मिळाले, याचं पत्रक सरकारकडं दाखल करायचं, हे त्यांचं काम. ऐकायला रूक्ष. मलाही तसंच वाटायचं.

वैजापूरच्या अभयनं कांदा वाळवायची कंपनी काढली. भावकीतल्या अकरा जणांनी पैसे घातले. त्यात त्याची विधवा चुलती केसरबाई. तिनं दोन म्हशी विकल्या होत्या. सगळ्यांनी रक्कम अभयच्या वडिलांच्या, साहेबरावांच्या हाती दिली आणि त्यांनी ती एकदम आपल्या खात्यातून कंपनीला पाठवली. त्या घरात विहीर असो की लग्न, असंच चालतं.

मॅडमनी सगळे पैसे परत करायला लावले. ज्याचा शेअर, त्याच्याच खात्यातून पैसे यावेत असा कायदा. पत्रक दाखल झाल्याशिवाय त्या पैशाला हातही लावता येत नाही, आणि कांदा वाळवायच्या मशीनवाल्यानं पैसे भरायला मुदत दिलेली शनिवारपर्यंत. अभय रडकुंडीला आला. दुसरीकडून करून घेतो म्हणाला, तर मॅडम म्हणाल्या, खुशाल घ्या. खरं सांगतो, मला त्यांचा रागच आला.

मग साहेबराव तावातावानं जिना चढले. मीही कागद द्यायच्या निमित्तानं मागोमाग गेलो.

"म्याडम, माझ्या शब्दावर इस्वास नाय का?"

"आहे ना, काका. पण तुमच्या माघारी, हे पैसे तुमच्या वहिनींचे होते, हे कोण सांगणार?"

साहेबराव समोरच्या खुर्चीत टेकले. मग त्यांनी पाणी मागितलं.

पुढचे दोन दिवस मॅडम वैजापुरात होत्या. केसरबाईंचं खातं वापराविना बंद पडलेलं; त्यांना घेऊन त्या बँकेच्या रांगेत उभ्या राहिल्या. अकरा खात्यांतून अकरा रकमा आल्या, शेअर दिले गेले आणि शुक्रवारी दुपारी पत्रक दाखल झालं. मशीन हातचं गेलं नाही.

महिन्याभरानं केसरबाई शेअरचा दाखला घेऊन माझ्या दुकानात आल्या. पिशवीतून तो जपून काढला आणि एक झेरॉक्स मागितली.

"अस्सल माझ्या पेटीत ठेविते," त्या म्हणाल्या. "ही भाऊजींनी मागितली. पोरांला आत्ताच दाखवून ठेवतो म्हणले."

माझ्या त्या रागाची मला लाज वाटली.