खड्ड्यातले मामू

मामूंचा आवाज नेहमी जमिनीतून यायचा. अक्कलकोट रोडवरच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक खड्डा खणलेला होता. वर गाडी, खाली मामू. गिऱ्हाइकाला आधी आवाज भेटायचा, "काय फोडून आणलाव?" चेहरा बऱ्याच वेळाने दिसायचा, तोही ग्रीसने माखलेला.

मामू प्लास्टिक शिवायचे. इंजिनाखाली चिखल-दगड अडवायला एक काळं कव्हर असतं. ते फुटलं की सगळे म्हणतात, नवीन टाका. मामूंना याचा भारी राग. भेगेच्या टोकाला ते आधी एक बारीक भोक पाडायचे, "म्हंजे ही पुढं पळत न्हाय." मग तारेचे टाके, आणि त्यावर जुन्या बंपरची पट्टी वितळवून दिलेला लेप. वर फुशारकी, "असले टाके मोठा सर्जन बी घालत न्हाय!" विनय त्यांच्याकडे औषधालाही नव्हता.

माझ्या वडिलांना, अप्पांना, आठवड्यातून दोनदा वळसंगहून सोलापूरला डायलिसिससाठी न्यावं लागतं. एके दिवशी परतताना ते मागच्या सीटवरून म्हणाले, "बास झालं. पुढच्या बारीला मी येणार न्हाय." मी वळून पाहिलं, आणि गाडी गतिरोधकावर धाडकन आदळली. खालचं कव्हर फाटून रस्त्यावर घासू लागलं. तसाच फरफटत मामूंच्या शेडपर्यंत आलो.

अप्पांना हात धरून उतरवायला गेलो, तर खड्ड्यातून हुकूम आला, "बसू द्या त्यांना. कायकू उतरवलालाव?" मीही आत बसलो आणि आमचं भांडण पुढे सुरू झालं. मी विनवत होतो, रागावत होतो. अप्पांचं एकच, "मला उगं ओढत नेऊ नगो." गाडीतलं सगळं खाली ऐकू जातं, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

टाके घालून झाल्यावर मामू वर आले ते थेट अप्पांच्या खिडकीशी. "अप्पा, एक काम हाय तुमच्याकडं. टाका ढिला पडला तर कट्ट करतंय. येताना कान देऊन ऐका आन् मला येऊन सांगा. ह्या पोराचं काय खरं न्हाय, ह्यो गाडीत गाणी लावतोय."

अप्पा पुढच्या खेपेला मुकाट्याने गाडीत बसले आणि निघताच म्हणाले, "गाणं बंद कर."

तेव्हापासून नेमच झाला. वाटेवरच्या कुंभारी गावाच्या अलीकडे अप्पांना हटकून आवाज यायचा. मामू खड्ड्यात उतरून खालून ठोकायचे, "हौ अप्पा, ढिला हाय की!" मग दोघं कानडीत काय काय बोलत बसायचे. आजारी पडल्यापासून अप्पा माझ्याशीही इतकं बोलले नव्हते. मला तो आवाज कधीच आला नाही. मामूंना तसं म्हणालो, तर माझ्यावरच डाफरले, "तू रस्ता बघ. ऐकायचं काम अप्पांचं."

मामूंचे माझ्यावर फार उपकार आहेत. हे त्यांना सांगायचा मी प्रयत्न केला, तर म्हणाले, "हौ, टाके चांगलेच पडले."

मागच्या उन्हाळ्यात मामू गेले. दोनच दिवस ताप आला होता. रात्रीच्या जेवणानंतर मी ते अप्पांना सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. आता हे घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत, या धास्तीने मला झोप लागली नाही.

सकाळी अंगणात आलो, तर अप्पा धुतलेला सदरा घालून गाडीत बसलेले. कसे चढले कोण जाणे. वाटेत मामूंच्या शेडचं शटर खाली होतं. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. अप्पांनी डोळे पुसले आणि मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबू नगो," ते म्हणाले. "मशीनची येळ चुकंल."