खंडाचा दिवस

आष्टी तालुक्यातल्या आमच्या सरकारी दवाखान्यात अजिनाथ लॅब टेक्निशियन होता. कंत्राटी, चौदा वर्षं. ऑर्डर अकरा महिन्यांची, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा नवी ऑर्डर. सलग नोकरी दाखवून कुणी कायम होण्याचा हक्क सांगू नये, म्हणून ही सरकारी शक्कल. पगार सतरा हजार. शेजारच्या खोलीत मी, कायम नर्स, त्याच्या चौपट घ्यायचे. रक्त, लघवी, थुंकी, सगळ्या तालुक्याची दुखणी त्याच्या टेबलावर.

खंडाच्या आदल्या दिवशी मी थट्टेनं विचारायचे, "काय अजिनाथभाऊ, उद्या मरायचा दिवस ना तुमचा?"

"एकच दिस, सिस्टर. परवा जित्ता होतो की."

गेल्या वर्षी खंड दसऱ्यानंतर आला. ऊसतोडीच्या टोळ्या निघत होत्या. त्या दिवशी सत्यभामा नावाची बाई आली. तीन आठवड्यांचा खोकला, अंगाची पार काडी झालेली. "बाई, गाडी सांजच्याला हाय. कायतरी करा," म्हणाली. क्षय असेल तर औषध सुरू करूनच पाठवायला हवं होतं, आणि थुंकी तपासणारा घरी. मी फोन लावला.

"आज मी नोकरीत हाय कुठं, सिस्टर?"

"अहो, ही आता सहा महिन्यांनी येईल. आली तर."

अर्ध्या तासात तो हजर झाला.

थुंकीची काच रंगवायला ॲसिड लागतं. डोळ्यांवर लावायचा चष्मा त्यानं तीनदा लेखी मागितला होता, मिळाला नव्हता. बाटलीचं बूच घट्ट बसलेलं, त्यानं जोर लावला. किंकाळी ऐकून मी धावले, त्याचं डोकं नळाखाली धरलं. उजवा डोळा गेलाच. सत्यभामा तपासणीविनाच टोळीबरोबर निघून गेली.

त्यानं भरपाईचा अर्ज केला. उत्तर आलं, 'सदर दिनांकास अर्जदार सेवेत नव्हते. प्रयोगशाळेत कोणाच्या परवानगीने प्रवेश केला, याचा खुलासा करावा.' म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा!

चौकशीच्या आधी दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांनी मला बाजूला घेतलं. बोलावलं म्हणालात तर सस्पेंड व्हाल, म्हणाले. माझ्या धनश्रीची कॉलेजची फी डोळ्यांसमोर आली. मी लिहून दिलं, 'मी बोलावलं नव्हतं.' तेवढ्यावर अर्ज फेटाळला. नवी ऑर्डरही निघाली नाही. एका डोळ्याचा टेक्निशियन कुणाला हवाय?

महिन्यानं धीर करून त्याच्या घरी गेले. त्याची बायको विमलबाई चहा ठेवायला उठली. मी मान खाली घालून म्हटलं, "माझा फोन आल्याचं तुमच्या मोबाईलमध्ये दिसत असेल. चौकशीत दाखवायचं होतंत."

"दाखवणार व्हतो," तो म्हणाला. "मग म्हनलं, आपलं घर बसलंच हाय. तुमचं कशापायी बसवायचं?"

विमलबाई कप घेऊन आली. "तुमी तरी सांगा, सिस्टर," ती मला म्हणाली, "सुट्टीच्या दिशी ह्यांना कुनी बलावलंतं? हे नावच सांगत न्हाईत."

मी चहा घेतला. लई गोड होता. मी तो सगळा प्यायले आणि नाव सांगितलं नाही.