मुक्ताताई आणि पैलवान पळपुटे

कसबा पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर मुक्ताताई घारपुरे राहतात. त्यांच्याकडे वाटीभर साखर मागा, मिळेल. छत्री मागा, चार शब्द ऐकून का होईना, मिळेल. पैलवान पळपुटे मात्र मागायचा नाही.

पळपुटे ही त्यांच्या वडिलांची निर्मिती. रंगनाथ घारपुरे एका साप्ताहिकात त्याची चित्रमाला काढायचे. पोट मोठं, मिशी त्याहून मोठी आणि स्वभाव असा की कुणावर हात म्हणून उचलायचा नाही. कुस्ती लागली की हा पळत सुटायचा. समोरचा मागे धावून धावून दमायचा, धापा टाकत खाली बसायचा, आणि मग पळपुटे परत येऊन त्याला पाणी पाजायचा. मुक्ताताई शाळेत असतानाच रंगनाथराव गेले. मागोमाग साप्ताहिकही बंद पडलं. पैलवानाचे हक्क तेवढे लेकीकडे आले आणि तिनं ते डोळ्यांत तेल घालून जपले.

नव्वदनंतर बाजार मोकळा झाला आणि मागणाऱ्यांची रीघ लागली. वेफर्सवाल्यांना तो पाकिटावर हवा होता, केबलवाल्यांना कार्टूनमध्ये. गेमच्या सीडी काढणारा एकजण तर पैलवानाच्या हातात बंदूक दिलेलं चित्रच घेऊन आला. ताईंनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "तुमच्या वडिलांना बंदूक चालवता येते? नाही ना? मग माझ्या वडिलांच्या पैलवानाला कशाला शिकवताय?"

मग तो जानेवारी उजाडला. चित्रकार जाऊन साठ वर्षं उलटली की त्याचं काम सगळ्यांना खुलं, असा कायदा. वकिलानं तो समजावून सांगितला तेव्हा ताई मला म्हणाल्या, "उद्या कोणी त्याला गुंड केलं, तर मी नुसती बघत बसायची." मला फार वाईट वाटलं, आणि आमच्या इमारतीत ताईंबद्दल कुणाला वाईट वाटणं ही काही रोजची गोष्ट नव्हे.

थोड्याच दिवसांत हिंजवडीहून नम्रता आली. मुलगी मूळची वर्ध्याची, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत कामाला. आजोबांनी जपलेल्या जुन्या अंकांत तिला पळपुटे भेटला होता. गेम अर्धाअधिक तयार होता, तरी ही बया पेढे घेऊन परवानगी मागायला हजर. ताईंनी जिन्यातून हाक मारून मला वर बोलावलं, साक्षीदार म्हणून.

"परवानगी लागत नाही ना आता? मग हिंजवडीचं ट्रॅफिक सोसून आलात कशाला?"

"कायद्याला नाही लागत, आजी. मला लागते."

ताईंची पंचाईत झाली. 'नाही' म्हणून उपयोग नव्हता आणि 'हो' म्हणायची जिभेला सवय नव्हती. त्यांनी तिच्या हातातला टॅबलेट पुढे ओढला. पडद्यावर पैलवान, समोर एक दांडगा गडी. एक बटण पळण्याचं, दुसरं ठोसा मारण्याचं. नम्रतानं जरा चाचरतच सांगितलं की गड्याला ठोसे मारल्याशिवाय पुढची पातळी उघडत नाही, मुलांना मारामारी लागते असं कंपनीचं म्हणणं पडलं. ताई म्हणाल्या, आजवर त्याला मी कोणावर हात उचलू दिला नाही, आता माझ्याच बोटानं तर मुळीच नाही. आणि पळण्याचं बटण दाबून बसल्या.

पैलवान सुटला. मंडईतून, पुलावरून, नदीकाठानं. गडी मागे. चहा झाला, मी दोन पेढे संपवले, उठायला निघालो तर मान न वळवता ताईंनी मला खाली बसवलं. गड्याच्या अंगात किती दम उरलाय हे दाखवणारी एक लाल पट्टी वर होती. ती ठोशांनी उतरते हे नम्रताला माहीत होतं. धावूनही कणाकणानं उतरते हे तिच्या ध्यानातच नव्हतं, कारण कंपनीत इतका वेळ पळत बसण्याचा धीर कोणाला होता? अखेर पट्टी संपली. गड्यानं भर रस्त्यात फतकल मारली आणि पुढची पातळी उघडली.

"जिंकला," ताई म्हणाल्या आणि पेढा उचलला.

नम्रता हसून हसून बेजार. गेम असाच करायचा, असं तिनं तिथेच ठरवलं. पुढे कंपनीशी भांडून तिनं ठोशाचं बटण काढून टाकलं आणि त्या जागी दमलेल्या गड्याला पाणी पाजायचं बटण घातलं. पुण्याचं पाणी लागलं म्हणायचं.

दिवाळीत गेम बाहेर पडला. परवा ताईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होतो, तर बुधवार पेठेत रिक्षा गर्दीत अडकली. रिक्षावाल्यानं मोबाइल काढला आणि खेळत बसला. पुढची वाट मोकळी झाली, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी हा ढिम्म. मीटरवरून ताईंनी निम्म्या पुण्यातल्या रिक्षावाल्यांशी लढाया केलेल्या, त्यामुळे मी जीव मुठीत धरून बसलो. त्या पुढे वाकल्या. पडद्यावर मिशाळ पैलवान धावत होता.

"कोणाचा हो हा?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर आजवर त्यांनीच साऱ्या जगाला ऐकवलं होतं, आणि तेही चढ्या आवाजात.

"कोणाचा म्हंजे? आपलाच हाय की," रिक्षावाला वर न बघता म्हणाला. "थांबा आज्जी, एवढा गडी दमू द्या."

ताई मागे टेकून बसल्या.

"दमू दे सावकाश," त्या म्हणाल्या. "आम्हांला घाई नाही."