टेबलाच्या लाल बाजूचा क्लीटस

क्लीटस फोर्टमन आणि मी ओहायोतल्या एकाच गावात वाढलो, नन्सच्या एकाच शाळेत शिकलो. पोलिओच्या काळात शाळेच्या तळघरात आम्हाला रांगेत उभं करून लस टाकलेला साखरेचा खडा जिभेवर ठेवत. क्लीटसने सिस्टरकडे आणखी एक खडा मागितला आणि कानाला चिमटा खाल्ला. कोणाचा बाप कोणत्या पक्षाचा, हे त्या रांगेत कोणी विचारलं नाही.

मोठेपणी तो शाळेची बस चालवू लागला. पक्षाने पक्का रिपब्लिकन, म्हणजे लाल. निवडणूक आली की अंगणाअंगणात पक्षाच्या पाट्या रोवायचं काम त्याचं. माझे यजमान गेले त्या हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ तो कोणी न सांगता काढून जाई, आणि माझ्या अंगणात पाटी असे ती निळी, डेमोक्रॅट पक्षाची.

मतदानाच्या टेबलावर आमच्याकडे दोन्ही पक्षांचं एकेक माणूस बसतं. लाल बाजूला क्लीटस, निळ्या बाजूला वाचनालयातली मिरियम हॉक. कित्येक वर्षं दोघांनी एकाच थर्मासमधली कॉफी प्यायली. त्या टेबलावर कोण कोणत्या बाजूचा हे काढायचं नाही, हा नियम. एकदा एका मतदाराने डोळा मारून सांगितलं, "तुमच्याच माणसाला दिलंय हं, क्लीटस." हा म्हणाला, "मला ऐकू येत नाही. पुढे चला."

मग करोना आला, लस आली, आणि लसीलाही रंग लागला. दंडाला सुई टोचलेला माणूस निळा, न टोचलेला लाल. "माझं शरीर, माझा निर्णय" अशा लाल पाट्या क्लीटसनेच गावभर रोवल्या. त्याला साखरेचा आजार, छातीही अधू. बायको अल्व्हेरा रोज मागे लागे. तो म्हणे, "अगं, सकाळी कॉफीला बसतो त्या टेबलावर मला कोणी जागा देणार नाही."

उन्हाळ्यात त्या कॉफीच्या टेबलावरचा नॉर्बर्ट गेला. करोनानेच, श्वास लागून. त्याला पुरून आल्यावर क्लीटस स्वयंपाकघरात बसला आणि अल्व्हेराला म्हणाला, "घेतो. पण कोणाला कळता कामा नये. मत देतात तसं. पडद्यामागे."

त्याच्या गाडीला मागे पक्षाचं स्टिकर, ती गाडी सगळा गाव ओळखे. म्हणून अल्व्हेराने मला विचारलं. आम्ही माझ्या गाडीने जत्रेच्या मैदानातल्या हॉलवर गेलो, दुपारी, गर्दी नसताना. क्लीटस मागच्या सीटवर टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता.

"बँक लुटायला निघालोय असं वाटतंय," तो म्हणाला.

"मग तोंड बंद ठेव, चोर बोलत नाहीत," अल्व्हेरा म्हणाली. किती दिवसांनी हसली होती ती.

हॉलमध्ये मतदानाचेच पडदे लावले होते. ते बघून तो सैलावला. खुर्चीवर बसून त्याने शर्टाची बाही खांद्यापर्यंत दुमडली. नर्स सुई तयार करत होती. तेवढ्यात नावं तपासायला स्वयंसेविका आली. मिरियम.

"अगंबाई, क्लीटस," ती मोठ्याने म्हणाली, "आलास म्हणायचं शेवटी वळणावर. ये, आमच्या बाजूला जागा आहे."

रांगेतले दोघेतिघे हसले. क्लीटसही हसला. मग त्याने बाही खाली केली, बटण लावलं, टोपी घातली आणि चालू लागला. अल्व्हेराने दारात त्याचा हात धरला. "क्लीटस, फक्त एक मिनिट. माझ्यासाठी." तो म्हणाला, "मतदानाच्या टेबलावर मी कधी कोणाला असं बोललो होतो का?"

परतीच्या वाटेवर ती लांबच्या गावातल्या औषधाच्या दुकानांची नावं घेत राहिली. तिथे टोचतात, तिथे कोणी ओळखत नाही. "मक्याची कापणी होऊ दे," एवढंच तो म्हणाला. मका उभा असतानाच त्याला ताप भरला. इस्पितळात घशात नळी घालायच्या आधी त्याने अल्व्हेराला विचारलं, "आता देतील का ग ती लस?" नर्सने मान खाली घातली.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. पक्षाचा तालुकाप्रमुख हॅमचं सँडविच हातात घेऊन अल्व्हेराजवळ आला. "वहिनी, क्लीटस शेवटपर्यंत झुकला नाही. आम्हाला अभिमान आहे."

"झुकला होता," अल्व्हेरा म्हणाली. "बाही वर केली होती त्याने."

त्याला ते ऐकायचं नव्हतं. इस्पितळवाले हल्ली सगळ्यांच्या नावावर करोनाच लिहितात, असं काहीसं पुटपुटत तो कॉफीकडे गेला.

मिरियम बटाट्याचा गरम कॅसरोल घेऊन आली होती. डोळे खरंच सुजलेले. "अल्व्हेरा, इतकी वर्षं आम्ही शेजारी बसलो. त्याने घ्यायला हवी होती ग. हट्टी होता. त्या दिवशी हॉलवर येऊनही का परत गेला, मला कळलंच नाही."

अल्व्हेराने तिला तिचं हॉलमधलं वाक्य सांगितलं. शब्दाला शब्द, आवाज न चढवता.

मिरियम गोंधळली. "मी असं म्हणाले? मला आठवतसुद्धा नाही. म्हणाले असेन तर गंमत केली असेल, अल्व्हेरा."

"हो," अल्व्हेरा म्हणाली. "तोही हसला होता."

आणि मिरियमच्या हातातला कॅसरोल घेऊन तिने इतरांच्या भांड्यांशेजारी ठेवला, कारण लोक जेवायचे होते.