नाल्याकाठचं हळदीकुंकू

काकू रस्त्याने निघाल्या की हातातली मिटलेली छत्री पुढे रोखलेली असायची. लोंबणारी केबल दिसली, उघडं चेंबर दिसलं, भिंतीला टेकवून ठेवलेला कुणाचा तरी जुना कमोड दिसला, की छत्रीचं टोक तिकडे वळायचं. प्रश्न ठरलेला.

"ह्याचा मालक कोण?"

सोबत मी असले तर उत्तर मी द्यावं अशी अपेक्षा, कारण मी आमच्या कॉलनीची सेक्रेटरी. "काकू, केबल कुणाची ते केबलवाल्यालाही माहीत नसतं," मी म्हणायचे. मग त्या तिथेच उभ्या राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायच्या. असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल, तर त्याच्याबरोबर भाजीला जायला दुप्पट वेळ लागतो हे मी वेगळं सांगायला नको.

काकू मूळच्या हॉलंडच्या. नवरा आमच्या नाशिकचा, फुलशेतीचा सल्लागार. शिकायला तिकडे गेला आणि लग्न करून आला. दोघांनी मिळून दिंडोरीकडच्या शेतकऱ्यांना पॉलिहाऊसमधले गुलाब शिकवले. पुढे तो वारला. भेटायला येणारे हळूच विचारायचे, "आता कधी निघणार?" काकू विचारायच्या, "कुठे?"

मराठी त्या गुलाब खुडणाऱ्या बायकांकडून शिकल्या होत्या. त्यामुळे ही उंच, निळ्या डोळ्यांची बाई बँकेत शिरून "लय गर्दी हाय, मी मागून येते" म्हणाली की रांगेतल्या सगळ्या माना वळायच्या.

आपल्याबद्दल त्यांची मतं पक्की होती आणि ती न विचारता मिळत. आपण घर दोनदा पुसतो आणि कचरा भिंतीपलीकडे टाकतो, हे त्यांना कधीच पटलं नाही. हॉर्न वाजवून आपण नक्की काय सांगतो, हेही त्या समजून घेऊ बघत होत्या. "होऊन जाईल" या दोन शब्दांवर त्यांचा विशेष राग. "कोण करेल ते सांगा. आपोआप फक्त गवत होतं."

मीही सोडायचे नाही. "तुमच्याकडे पाहुण्याला एक बिस्कीट देऊन डबा बंद करतात म्हणे?"

"खरं हाय. म्हणून तर मी इथे."

बाकी इथलं त्यांना मनापासून आवडायचं. दूध दारात जरा जास्त वेळ राहिलं तर शेजारची बाई येऊन दार वाजवते, हे त्या मोठ्या कौतुकाने तिकडच्या बहिणीला फोनवर सांगायच्या. मतदानाच्या दिवशी तर त्यांची लगबग आमच्याहून जास्त. पासपोर्ट तिकडचाच, म्हणून स्वतःला मत नाही, तरी इस्त्रीची साडी नेसून आमच्याबरोबर केंद्रापर्यंत यायच्या, बाहेर थांबायच्या आणि एकेकीच्या बोटावरची शाई तपासायच्या. त्यांच्या देशात राजा आहे, पण पाणी आणि बांध सांभाळणाऱ्या मंडळाची निवडणूक वेगळी होते, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. आमचे चेअरमन पोट धरून हसले. "पाण्यासाठी निवडणूक?"

काकू म्हणाल्या, "तुम्ही दिल्लीवर दोन तास भांडता. नाल्यावर दोन मिनिटं बोला की."

नाला म्हणजे आमच्या कॉलनीच्या खालच्या अंगाने जाणारा. वरच्या गल्लीत आम्ही, रो-हाऊसवाले. खालच्या गल्लीत बैठी घरं. नाल्याला लागून सुनंदाची पिठाची गिरणी. नवरा अंबडच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला, आज काम आहे तर उद्या नाही. घर चालायचं गिरणीवर. मागे एकदा पावसात नाला गिरणीत शिरला आणि मोटर जळली. तेव्हा सुनंदाने मंगळसूत्र गहाण टाकून नवीन मोटर बसवली होती. पुन्हा पाणी शिरलं तर गहाण ठेवायला काही उरलं नव्हतं, आणि हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

अशात महापालिका निवडणुकीचे वारे सुरू झाले. वॉर्ड महिलांसाठी राखीव. चौकात 'भावी नगरसेविका' असे फ्लेक्स लागले. फोटोत ताई, मागे त्यांचे यजमान, आणि बोलायला कायम यजमानच. त्यांना आपण भाऊ म्हणू. भाऊंनी चेअरमनना शब्द दिला की नाल्यात दोन पाइप टाकून वरून स्लॅब करून देतो, पेव्हर ब्लॉक बसवतो, तुमचा गाड्यांचा प्रश्न मिटला. बदल्यात वरच्या गल्लीची सगळी मतं. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. गाडी लावण्यावरून रोज भांडणारी माणसं एकमेकांना पेढा भरवू लागली.

काकू उठून उभ्या राहिल्या. "पाइपात अख्खा पावसाळा मावत नाय. उरलेलं पाणी कुठे जाईल?"

"होऊन जाईल, काकू," चेअरमन म्हणाले.

एवढ्यावर त्या गप्प बसल्या असत्या तर मी हे लिहिलं नसतं.

संक्रांत झाली होती. भाऊंनी एका लॉन्सवर हळदीकुंकू ठेवलं होतं, वाण म्हणून स्टीलचा डबा. काकू गेल्या, सोबत मीही. कुंकवाचं ताट धरलेली मुलगी त्यांच्यापाशी येऊन अडखळली, कारण काकू विधवा आहेत हे सगळ्यांना ठाऊक. काकूंनी स्वतःच बोट बुडवून कपाळाला लावलं, डबा न घेता सरळ ताईंसमोर गेल्या आणि नाल्याचं विचारलं. उत्तर भाऊंनी दिलं. "काकू, तुमचा आशीर्वाद असू द्या फक्त."

परत येताना रिक्षात त्यांनी नाल्याचं नावही काढलं नाही. मी म्हटलं, चला, विषय संपला. दारात उतरताना म्हणाल्या, "सेक्रेटरी, रथसप्तमीपर्यंत चालतं ना हे? मग मी पण करते."

"करा की. माझा हॉल मोठा आहे."

"हॉल नको. नाल्यावर."

"नाल्यावर कोण येणार, काकू? नाकाला रुमाल लावून तिळगूळ खायचा का?"

"बायका जमल्या म्हटल्यावर उमेदवार येणार. आणि उमेदवार येणार म्हटल्यावर बायका येणार."

हे राजकारण त्या कुठे शिकल्या कोण जाणे, पण हिशोब बरोबर होता. मी सतरंज्यांची व्यवस्था केली, कारण कुणीतरी करायला हवीच होती. सुनंदाने गिरणीमागची जागा झाडून घेतली आणि रांगोळी घातली. काकूंनी दोन्ही गल्ल्यांत घरोघर जाऊन आमंत्रण दिलं. विधवांनाही, गणपती मंदिरासमोर भाजी विकणारीलाही. "या, वाण हाय," एवढंच सांगायच्या.

वाण उघडलं तर शिवणकामाची टेप. एकच हशा पिकला.

"काकू, माझी कंबर मोजायला लावता का?" एकीने विचारलं.

"तुझी नाय. नाल्याची."

बायकांना काय, निमित्तच हवं होतं. चार-पाच टेपा एकमेकींना बांधल्या. एक टोक सुनंदाने धरलं, दुसरं पलीकडच्या काठावरून भाजीवाल्या मावशींनी. भर दुपारी, हळदीकुंकू लावलेल्या पन्नाशीच्या बायका नाल्यावर टेपा ताणून ओरडतायत, हे दृश्य पाहायला वरच्या गल्लीतल्या गॅलऱ्या भरल्या. तेवढ्यात गाडी थांबली. ताई उतरल्या, मागून भाऊ.

काकूंनी ताईंना ओवाळलं, टेप हातात ठेवली आणि भाषण वगैरे न करता गिरणीत नेलं. भिंतीवर मागच्या पुराच्या चिखलाची रेघ होती. सुनंदाने रंग देतानाही ती तशीच ठेवली होती. ताई त्या रेघेपाशी उभ्या राहिल्या. त्यांच्या कमरेच्या वर होती.

"मोटर कुठे होती?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

"इथेच की ताई, खाली," सुनंदा म्हणाली. "पाण्याने वेळच नाही दिला."

ताईंनी रेघेवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "माझं माहेर येवल्याचं. घरात पैठणीचे माग. विणणाऱ्याचे पाय खाली खड्ड्यात असतात. एका पावसात खड्डे भरले, आणि मागावरची अर्धी साडी गेली. वडिलांनी आठ दिवस मागाला हात लावला नव्हता."

भाऊ दारातून म्हणाले, "अगं, चल, पुढे कार्यक्रम आहे."

"स्लॅब नको करायला," ताई म्हणाल्या. "नाला उघडाच राहू दे. साफ करून काठाला भिंत बांधू."

"अगं, पण चेअरमनना शब्द दिलाय!"

"तुम्ही दिलाय."

मग भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "आता हिला मत द्यायचं," आणि सगळ्या हसल्या. भाऊ सोडून.

ताई निवडून आल्या. वरच्या गल्लीतली काही मतं गेली, खालच्या गल्लीने भरून काढली. चेअरमन महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. गाड्यांचा प्रश्न अजून आहे, त्यावरची भांडणंही आहेत. भिंतीचं काम मात्र रेंगाळलं. मी आणि सुनंदा दर सोमवारी ताईंच्या दारात जाऊन बसायला लागलो, तेव्हा कुठे ती पावसाच्या तोंडावर पुरी झाली. नालाही तळापर्यंत उपसला.

ते बघायला काकू नव्हत्या. उन्हाळ्यात त्यांच्या बहिणीला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिकडे तिचं करायला दुसरं कुणी नव्हतं. जाताना घराची किल्ली माझ्याकडे दिली, कुंड्यांना पाणी किती घालायचं ते सांगितलं आणि रडणाऱ्या सुनंदाला म्हणाल्या, "रडायला मी मेले नाय. दळण बंद ठेवू नको." परत येणार म्हणतात. बहीण उभी राहिली की येतील. नाही आल्या तरी त्यांना दोष द्यायचा नाही, एवढं मी ठरवून ठेवलंय. घर मात्र आठवड्याला उघडते, झाडून घेते.

ऑगस्टमध्ये एकदा सलग पाऊस लागला. सकाळी रेनकोट घालून मी खालच्या गल्लीत गेले. नाला भिंतीला घासून, मातकट, मोठा आवाज करत चालला होता, पण आपल्या वाटेने. गिरणीचं शटर वर होतं. आत पट्टा फिरत होता, गरम पिठाचा वास येत होता आणि पाऊस उघडायची वाट बघत बायका डबे मांडीवर घेऊन गप्पा मारत बसल्या होत्या. काकूंना पाठवायला व्हिडिओ घ्यावा म्हणून फोन काढत मी तशीच आत शिरले.

"सेक्रेटरीबाई, चपला बाहेर!" सुनंदा गिरणीच्या आवाजातून ओरडली. "फरशी कोरडी आहे, दिसत नाही का?"