ओल्या रंगापायी न उचललेला फोन

पोरीच्या मेडिकलच्या क्लाससाठी आम्ही मायलेकी अमरावतीत राजापेठेतल्या एका भाड्याच्या खोलीत राहायला आलो, तेव्हा माझं काम ठरलेलं होतं. दोन वेळचा स्वयंपाक आणि पोरीवर नजर. नवरा बार्शीटाकळीला भाजीचा मळा सांभाळणार. पोरगी सकाळी सातला गेली की संध्याकाळपर्यंत मी आणि भिंत. महिनाभर भिंत पाहिली. मग जवळच्या आर्ट्स कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. मराठी, इतिहास आणि चित्रकला. वय चव्वेचाळीस. घरी कोणालाच सांगितलं नाही, पोरीलाही नाही.

नवरा एसटीनं भाजीची पिशवी पाठवायचा. त्यातली वांगी आधी वर्गात पांढऱ्या कापडावर मांडली जायची, सगळे त्यांचं स्थिरचित्र काढायचे. दोन दिवसांनी तीच माझ्या कढईत.

"आई, बाबा असे सुकेल वांगे काहून पाठोतेत?"

"तुह्या बाबालेच विचार," म्हणून मी मोकळी.

आता न सांगितलेलं सांगते. जलरंगात आकाश भरताना मध्ये थांबता येत नाही. कागद ओला आहे तोवर रंग वरून खाली ओढत न्यायचा. हात थांबला की तिथे रेघ बसते, ती जन्मात निघत नाही. दुसऱ्या वर्षी एका दुपारी मी अर्ध्या आकाशात होते आणि फोन वाजला. पोरीचा. मी पाहिलं. डाव्या हातानं फोन पालथा घातला आणि आकाश पुरं केलं. तीनदा वाजला.

क्लासच्या टेस्टमध्ये तिला चक्कर आली होती. मैत्रिणींनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा सलाईन लागलेलं.

"फोन सायलेंटवर होता," मी म्हणाले. सगळ्यांना तेच सांगत राहिले.

त्या जूनमध्ये निकाल लागला. मार्क कमी पडले. नवरा खोली रिकामी करायला आला, गादी उचलली, तर खाली चित्रांचे कागद.

"हे कोनाचे?"

"माहे. दोन वर्सं झाले कॉलेजात. एक राह्यलं."

"पोरीचं वाटोळं झालं अन् तू इथं वांगे काढून राह्यली व्हती?"

सासूबाई नवऱ्याच्या फोनवर होत्या, स्पीकर चालू. "आता मास्तरीन होते का वं म्हातारपनी?"

मी पोरीकडे वळले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की त्या दिवशी फोन सायलेंटवर नव्हता.

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुह्या बोटाले निळा रंग व्हता तवा. मले वाटलं, पेनाची शाई असंन." थोड्या वेळानं, "मले लय राग आला हाये."

"येऊ दे."

"कॉलेज सोडतं का मंग?"

"नाई."

नवरा पाहतच राहिला. त्याला वाटलं होतं, मी रडेन आणि बोचकं बांधेन. पोरीच्या बाबतीत मी चुकले, ते मरेपर्यंत माझ्यावर राहील. पण त्या चुकीची भरपाई म्हणून कुंचला खाली ठेवायचा, हे मला पटत नाही. तो खाली ठेवून पोरीची ती दुपार परत येणार नव्हती. आणि तिला मार्क कमी पडले ते माझ्या चित्रांनी, हे तर मी साफ नाकारते.

पोरीनं अकोल्यात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. मी खोली सोडली नाही आणि तिसऱ्या वर्षाचा फॉर्म घेऊन कॉलेजच्या खिडकीवर गेले. फॉर्मवर पालकाच्या सहीची जागा असते. आधीची दोन वर्षं मी तिथे नवऱ्याची सही ठोकली होती. हीही माझीच लबाडी. या वेळी माझं नाव लिहिलं.

खिडकीतला बाबू म्हणाला, "बाई, पालकाची सही लागते."

"माही पालक मीच."

त्यानं चष्म्यावरून माझे पांढरे केस पाहिले आणि शिक्का मारला.